अक्षरं न घासलेला साचा

रविवारी चर्चमधून परत आलं की दोनाता आधी ॲप्रन बांधायची आणि कोट अंगावरच राहिला हे मग तिच्या लक्षात यायचं. चिव्हितारोक्का गावात त्या वेळेला बाकीच्या घरांतून टोमॅटोच्या रश्श्याचा वास सुटलेला असे, पण दोनाताच्या घरी पहिला मान नेओल्यांचा. नेओला म्हणजे तळहाताएवढी पातळ, गोड, जाळीदार चकती. बिडाच्या दोन पाट्यांत दाबून विस्तवावर भाजलेली. अंडी, साखर, ऑलिव्हचं तेल, बडीशेप आणि मावेल तेवढं पीठ. ‘त्यात एवढं काय आहे?’ असं बाहेरचा माणूस विचारतो. एकदा चुकीच्या वेळी साचा उघडला की पुन्हा विचारत नाही.

ही वेळ घड्याळावर मोजायची नसते. एका बाजूला मारियेची प्रार्थना म्हणायची, साचा उलटायचा, दुसऱ्या बाजूला ‘हे आमच्या बापा’. आमेन म्हणेपर्यंत नेओला झालेला असतो. म्हणूनच प्रत्येक घरच्या नेओल्याचा रंग वेगळा. दोनाताची नणंद ओर्तेन्सिया गाडी सुटत असल्यासारखी प्रार्थना म्हणायची, तिचे नेओले पांढरेफटक. दोनाता शब्द न् शब्द स्वच्छ म्हणायची आणि तिचे नेओले पिकल्या गव्हाच्या रंगाचे व्हायचे. हे ती स्वतःच सांगायची. कुणी तरी सांगेल म्हणून वाट बघत बसण्यात तिला अर्थ वाटत नसे.

तिला गर्व होता, आणि खरं सांगायचं तर तो असण्यासारखाच होता. स्वयंपाकघराची एक अख्खी भिंत जुन्या साच्यांनी भरलेली. गोल, चौकोनी, लांब दांड्यांचे, आखूड दांड्यांचे. जाळीचे, फुलांचे, कणसांचे. प्रत्येकावर मधोमध एका नवरीची अक्षरं, निदान त्यांची जागा तरी. गावात पूर्वी ओतशाळा होती. लग्न ठरलं की मुलीच्या आईनं तिथं जायचं आणि मुलीच्या नावाचा साचा ओतून घ्यायचा. ओतशाळा बंद पडली, पोरी शहरात गेल्या, साचे गोठ्यात आणि कोंबड्यांच्या खुराड्यात गंजत पडले. दोनातानं ते एकेक करून उचलून आणले. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून बॅटरीच्या तारा जोडायच्या, गंज सुटला की पितळी ब्रशनं घासायचं, विस्तवावर कोरडं करायचं, डुकराच्या चरबीचा हात फिरवायचा, धूर निघेपर्यंत तापवायचं, पुन्हा चरबी, पुन्हा विस्तव. लोकांनी भंगारात काढलेला साचा तिच्या हाताखालून गेला की काळाभोर, गुळगुळीत होऊन निघायचा. ‘बीड मरत नाही,’ असं ती म्हणायची. ‘माणसं कंटाळतात.’

तिचा एक नेम होता. ती साच्यावरचं काहीही पुसत नसे. ओरखडा असो, दांड्यावरची घावाची खूण असो, सगळं ठेवायचं. ‘मी नीट करते, खोडत नाही,’ हे तिचं वाक्य गावाला पाठ झालं होतं.

गावाची रीत मात्र वेगळी होती. बाई वारली की तिचा साचा लेकीकडे जायचा. लेक नसली तर आधी कानशीनं तिची अक्षरं घासून टाकायची, मगच तो दुसऱ्या चुलीवर चढवायचा. दोनाताच्या भिंतीवरचे बरेचसे साचे असे मधोमध घासलेले होते आणि ते पाहून दरवेळी तिचा जीव हळहळायचा.

एवढ्या मोठ्या कर्तबगारीला एकच जण भीक घालत नसे, आणि ती होती तिची एकुलती एक मुलगी जेम्मा. जेम्मा तोरिनोला होती. रेल्वेच्या पुलांच्या लोखंडात भेगा शोधायची तिची नोकरी. घरी आली की भिंतीकडे बघून कपाळाला हात लावायची.

“आई, देशातलं निम्मं लोखंड पुलांत गेलंय आणि निम्मं तुझ्या स्वयंपाकघरात. एक दिवस ही भिंत शेजारच्यांच्या अंगावर कोसळेल, सांगून ठेवते.”

“कोसळली तर तू आहेसच तपासायला.”

“मी भंगार तपासत नाही.”

ती हसत हसत म्हणायची, दोनाताही हसायची. पण नवरा गेल्यापासून तिच्या मनात एकच गोष्ट घट्ट बसली होती. जेम्मानं लग्नात साचा घेऊन जावा आणि जाताना एकदा, एकदाच, आईच्या हातचं काम चांगलं आहे असं म्हणावं. बाकी जगानं म्हणून झालं होतं.

उन्हाळ्यात जेम्माचं लग्न ठरलं. मुलगा एलिओ, तिच्याच कचेरीतला, बोलका आणि खादाड. लग्न गावातच करायचं हेही ठरलं आणि दोनाता साच्याच्या विचाराला लागली. आता ओतणारं कोणी उरलं नव्हतं. अशात एका सकाळी गाउदेन्झिओ भंगारवाल्यानं दारात टेम्पो उभा केला. डोंगरावरच्या वरच्या वाडीत आता कोणी राहत नाही. तिथलं एक घर त्यानं रिकामं केलं होतं.

“बघ तुझ्या कामाचं आहे का,” म्हणत त्यानं एक साचा तिच्या हातात दिला. गंजून लाल झालेला, आणि तारेनं करकचून बांधलेला. वेढ्यावर वेढे.

“तार कोणी गुंडाळली?”

“ज्यानं गुंडाळली तो भेटला तर विचारतो. मला वजन तेवढं कळतं, बाई.”

दोनातानं तिथंच पायरीवर बसून पक्कडीनं तार तोडली. साचा उघडण्यासाठी तिनं दांड्यांना जोर लावायची तयारी केली होती, कारण बिजागरी गंजानं पार खाल्ली होती. जोर लावावाच लागला नाही. पाट्या अलगद उघडल्या. बाहेरून लाल झालेला साचा आतून काळाभोर होता. गंजाचा ठिपका नव्हता. आणि त्यातून बडीशेपेचा ताजा वास आला.

‘घट्ट मिटलेला होता. हवा लागली नसेल,’ असं दोनाता मनात म्हणाली. मग तिनं मधोमध पाहिलं. उठावाची, उलटी, डौलदार अक्षरं. जी आणि डी.

जेम्मा दि लुल्लो. तिच्या लेकीचीच आद्याक्षरं.

ती साचा छातीशी धरून उठली तेव्हा तिच्या पांढऱ्या ब्लाउजवर गंजाचा डाग पडला. तो पुढं कधी निघाला नाही, पण त्या दिवशी तिला त्याचं काहीच वाटलं नाही.

ओर्तेन्सियाला वास लागायला वेळ लागत नसे. संध्याकाळच्या आत ती हजर झाली. चष्मा पुसून तिनं साचा उलटसुलट पाहिला.

“दोनाता, ही अक्षरं घासलेली नाहीत.”

“दिसतंय मला, वन्सं.”

“म्हणजे बाई गेली, लेक नव्हती, आणि तरी कोणी घासली नाहीत. घासायचं सोडून तारेनं बांधून ठेवला. का, ते विचारलंस का स्वतःला?”

“आळशी असतील.”

“आळशी माणूस एवढी तार गुंडाळतो? कानस घे आणि घास. मधे कोरं राहू दे. नाही तर आपल्या जेम्माची नवी कोरून घे कोणाकडून.”

“आहेत तीच जेम्माची आहेत.”

“जेम्माची नाहीत, बाई. जेम्मासारखी आहेत.” ओर्तेन्सियानं साचा टेबलावर ठेवला आणि हात फडक्याला पुसले. “तुझा नेम ठेव तुझ्या भिंतीवर. पोरीच्या संसारात कशाला?”

दोनाताच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. वन्सं स्वतः आयुष्यभर पांढरेफटक नेओले भाजत आल्या आणि साच्याची अक्कल तिला शिकवत होत्या! ती फक्त म्हणाली, “कॉफी घेणार का?” आणि विषय मिटवला.

साच्यावर तिनं जीव ओतला. बाहेरचा गंज उतरवला, बिजागरीची जुनी खीळ ठोकून काढली, नवी घडवून बसवली, इतकी नेमकी की दांडे मिटताना आवाज होत नसे. तेवढं काम पाहून एखाद्या घड्याळजीनंही मान डोलावली असती. मग तिनं पीठ भिजवलं आणि पहिला नेओला लावला.

तो करपला. दुसरा कच्चा निघाला. तिसऱ्याची एक बाजू कोळसा आणि दुसरी लिबलिबीत.

दोनाता सहजासहजी हार मानणारी बाई नव्हती. तिनं पाट्यांची जाडी मोजली, ती सारखी होती. गॅस सोडून निखारे केले, निखारे सोडून लाकडाचा जाळ केला. पीठ सैल केलं, घट्ट केलं. कोंबड्यांची त्या आठवड्यात चैन झाली. बाकी साच्यांवर तेच पीठ, तोच विस्तव, तीच प्रार्थना, आणि नेओले गव्हाच्या रंगाचे. या साच्यावर मात्र नाही.

मग एकदा प्रार्थना म्हणता म्हणता धूर घशात गेला. ‘धन्य तुझ्या उदराचे फळ’ इथं तिला ठसका लागला. ती थांबली, घोट गिळला, पुढं म्हणाली, साचा उलटला, ‘आमच्या बापा’ म्हणून उघडला. आतला नेओला इतका सुरेख होता की तो उचलायचं तिला धाडस होईना. जाळीची रेघ न् रेघ उमटलेली, अक्षरं टाकानं लिहिल्यासारखी.

तिनं पुन्हा तसंच करून पाहिलं. त्याच शब्दापाशी थांबली, तेवढीच. पुन्हा सुरेख. थांबली नाही तेव्हा करपला. दुसऱ्या शब्दापाशी थांबली तेव्हा कच्चा. त्या साच्याला तेवढंच हवं होतं. कोणा एका बाईची प्रार्थना तिथं अडत असे, आणि साच्याला तिचीच सवय झाली होती. उदराच्या फळापाशी बाईचा आवाज का अडावा हे कळायला दोनाताला फार डोकं चालवावं लागलं नाही. पाठीवरून काही तरी गार सरकल्यासारखं तिला वाटलं. पण त्याहून मोठी गोष्ट ही होती की साचा तिला वश झाला होता. तिनं कुणालाही न सांगता ती थांबण्याची जागा पाठ केली.

सप्टेंबरात जेम्मा आली. बॅग दारातच टाकून आधी खाऊन घेतलं, मग साचा पाहिला.

“हा माझा? अगं, याला विमानात नेता येणार नाही. शस्त्र म्हणून धरतील मला.”

“आगगाडीनं जा.”

“एलिओला सांगते, बायको नको असेल तर आत्ताच बोल, सोबत दहा किलो लोखंड येतंय.”

“आधी एक नेओला तर भाजून बघ. नवरीनं लग्नाआधी आपल्या साच्यावर एकदा भाजायचा असतो.”

जेम्मानं कुरकुरत बाह्या सरसावल्या. ओर्तेन्सियाही तिथंच होती, बीन्स निवडत. जेम्मानं फोन टेबलावर उभा केला आणि त्यात वेळ लावायला लागली.

“फोन कशाला?” ओर्तेन्सिया म्हणाली. “प्रार्थना विसरलीस?”

“आत्या, मला शेवटची प्रार्थना म्हणून इतकी वर्षं झालीत की देवाला माझा आवाजही आठवायचा नाही.”

तिनं चमच्यानं पीठ घातलं, साचा मिटला, दांडे हातात घेतले. फोनकडे हात नेला आणि तो तसाच अर्ध्यावर राहिला. मग ती मारियेची प्रार्थना म्हणू लागली. खालच्या आवाजात, सावकाश. ‘धन्य तुझ्या उदराचे फळ’ इथं ती थांबली. घोट गिळला. पुढं म्हणाली.

साचा उघडला. नेओला गव्हाच्या रंगाचा होता.

ओर्तेन्सियाच्या हातातली शेंग हातातच राहिली. “अशी अडखळत म्हणायला कोणाकडून शिकलीस?”

जेम्मा नेओल्याकडे बघत होती. दोनातानं अजून तिला त्या जागेबद्दल काहीच सांगितलं नव्हतं. सांगायचं राहून गेलं होतं. पण पहिल्याच फटक्यात असा नेओला! अभिमानानं तिचा ऊर भरून आला.

“माझ्याकडून,” दोनाता म्हणाली. “दुसऱ्या कोणाकडून शिकणार?”

त्या दिवसापासून जेम्माला साचा सोडवेना. सकाळी उठून आधी स्वयंपाकघर. पिठात तिनं लिंबाची साल घालायचं बंद केलं आणि अंगणाच्या कडेला उगवलेल्या रानबडीशेपेचं बी चोळून घालायला लागली. वरच्या वाडीत पूर्वी तसं करत, असं ओर्तेन्सिया म्हणाली, पण जेम्मा वरच्या वाडीत कधी गेलीच नव्हती. केस तिनं मागं घट्ट बांधले. फोन खोलीत वाजत राहायचा. तिचे विनोद कमी झाले, मग थांबले. घर एकदम निवांत झालं आणि दोनाताला वाटलं, पोर सासरी जायची म्हणून हळवी झालीय.

आणि ती बोलायची काय! एकदा दांडे मिटून, उघडून, पुन्हा मिटून म्हणाली, “खीळ किती छान बसवलीय. आवाजच होत नाही.”

दोनाता भांडी विसळत होती. तिनं नळ बंद केला.

“काय म्हणालीस?”

“असं काम आता कोणी करत नाही.”

दोनातानं पुन्हा नळ सोडला, कारण डोळ्यांत पाणी आलेलं पोरीला दिसायला नको होतं. इतकी वर्षं थांबली होती ती या वाक्यासाठी. पोरीनं एकदा नाही, रोज म्हणायला सुरुवात केली. पाट्यांचा काळा रंग किती एकसारखा आहे. चरबी किती बेतानं मुरवलीय. अक्षरं किती जपलीस. दोनाताला रात्री झोप गोड लागायची.

लग्न जवळ आलं तसा एलिओ आला. पहिल्या दिवशी पोटभर जेवला. दुसऱ्या दिवशी दोनाता अंगणात एकटी दिसताच तो जवळ येऊन उभा राहिला.

“सासूबाई, जेम्माला बरं आहे ना?”

“का? काय झालं?”

“काही नाही. काल मी तिच्या केसांना हात लावला तर ती लाजली.”

“लग्नाच्या आदल्या आठवड्यात मुली लाजतात, बाळा.”

“जेम्मा?” तो हसायचा प्रयत्न करत म्हणाला. “मी तिला पुलावरून लोंबकळत मुकादमाला शिव्या देताना पाहिलंय. काल तिनं मान खाली घातली आणि मला विचारलं, तुमच्याकडे मेंढ्या किती?”

“चेष्टा केली असेल.”

“हसली नाही ती.”

दोनातानं त्याला आत नेऊन नेओल्यांची बशी पुढं केली. तो खात राहिला. नेओले उत्तम होते, त्याबद्दल त्याचंही दुमत नव्हतं.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी ओर्तेन्सिया आली ती थेट स्वयंपाकघरात. तिनं ॲप्रनच्या खिशातून कानस काढली आणि टेबलावर ठेवली.

“जेम्मा चर्चमध्ये फुलं लावायला गेलीय. आत्ता घास.”

“वन्सं, उगाच…”

“उगाच? सकाळी मी तिला हाक मारली. जेम्मा, जेम्मा, चारदा. वळली नाही. खांद्याला हात लावला तेव्हा वळली आणि मला म्हणाली, कोण हवंय तुम्हाला? दोनाता, ती माझ्या भावाची पोर आहे. तुला तुझं लोखंड प्यारं असेल, मला पोर प्यारी आहे.”

आपल्याला हे दिसत नव्हतं असं दोनाताला म्हणता आलं नसतं. तिनं भिंतीवरून साचा काढला, टेबलावर उघडा ठेवला आणि कानस हातात घेतली. ऊन खिडकीतून सरळ पाटीवर पडलं होतं. अक्षरं एवढीशीच, उठावाची. दहा-बारा वेळा कानस फिरवली की सपाट. तिनं पहिल्या अक्षरावर कानस टेकवली. लोखंड कोमट होतं. सकाळपासून त्याखाली विस्तव नव्हता.

दार वाजलं. जेम्मा आत आली. हातात उरलेली फुलं. तिनं टेबलाकडे पाहिलं, कानशीकडे पाहिलं. ती रागावली नाही, घाबरली नाही. तिनं फुलं ठेवली आणि आईच्या हातावर हात ठेवला.

“इतकं सुंदर काम केलंस,” ती म्हणाली. “आणि आता स्वतःच्याच हातानं खराब करतेस?”

ओर्तेन्सिया म्हणाली, “घास, दोनाता.”

“तुझ्यासारखे हात या डोंगरात कोणाचे नाहीत,” जेम्मा म्हणाली. “मला अभिमान वाटतो.”

दोनाताच्या आयुष्यात एवढं गोड तिच्या कानांवर कधी पडलं नव्हतं. आपली पोर आपल्याकडे बघतेय, आपल्या हातांकडे बघतेय, आणि डोळ्यांत कौतुक आहे. हे खोटं कसं असेल? तिनं कानस खाली ठेवली.

“मी नीट करते, वन्सं,” ती म्हणाली. “खोडत नाही.”

ओर्तेन्सिया कानस उचलून निघून गेली. दार तिनं आपटलं नाही, हळूच लावलं.

दुसऱ्या दिवशी ऊन छान पडलं होतं. चर्चमधून वरात थेट दोनाताच्या दारात आली. रीतच तशी. नवरीनं पांढऱ्या झग्यावर ॲप्रन बांधायचा, माहेरच्या दारात शेगडीवर पहिला नेओला भाजायचा, मधोमध मोडायचा. अर्धा आईच्या हातात, अर्धा सासरी न्यायचा. अख्खं गाव उतारावर दाटीवाटीनं उभं होतं. तोरिनोहून आलेली एलिओची माणसं फोन उंच धरून होती. दोनातानं निळा रेशमी ड्रेस घातला होता आणि तिची मान अशी ताठ होती की पाहणाऱ्याला वाटावं, लग्न हिचंच आहे.

जेम्मानं साचा निखाऱ्यांवर धरला. तिचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला, मारियेच्या प्रार्थनेचा, त्या जागेपर्यंत. तिथं ती थांबली. काही बायकांनी डोळे पुसले. पोरीला भरून आलं, असं त्या म्हणाल्या.

साचा उघडला आणि लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. “दोनाता, पोर तुझ्यावर गेली हो!” कोणी तरी ओरडलं. दोनातानं मानेनंच ते स्वीकारलं.

जेम्मानं नेओला मोडला. तो कटकन, सरळ रेषेत मोडला.

ती अर्धा हातात घेऊन गर्दीकडे वळली. तिची नजर बायकांवरून फिरू लागली. पहिल्या रांगेवरून. दुसऱ्या रांगेवरून. दोनातावरून.

दोनाता एक पाऊल पुढं आली. नजर तिच्यावरून पुढं गेली होती, ती परत आली नाही.

लोक अजून टाळ्या वाजवत होते. मग हळूहळू थांबले. जेम्मा कोणाला तरी शोधत होती आणि ते माणूस तिथं नव्हतं. तिच्या चेहऱ्यावर थोडी निराशा आली, फार नाही. असं काही तरी होणार हे तिला माहीतच असल्यासारखी.

मग तिला शेगडीजवळ उभी असलेली निळ्या ड्रेसमधली बाई दिसली.

“साचा तुम्हीच दुरुस्त केलात ना?” तिनं आदरानं विचारलं.

“हो,” दोनाता म्हणाली.

“फार सुंदर केलात. बंद करून ठेवला होता त्यांनी. देव तुमचं भलं करो.” तिनं हातातल्या अर्ध्या नेओल्याकडे पाहिलं. “माझ्याकडून आज हा घ्यायला कोणी नाही. तुम्हाला मुलगी आहे का हो?”

ओर्तेन्सियानं मागून दोनाताचं कोपर धरलं. एलिओ हसरा चेहरा तसाच ठेवून उभा होता.

“आहे,” दोनाता म्हणाली.

“नाव काय तिचं?”

“जेम्मा.”

“गोड नाव आहे.” नवरीनं तो अर्धा नेओला तिच्या तळहातावर ठेवला आणि बोटं मिटली. “मला झाली असती, तर मीही हेच ठेवलं असतं. हा तिला द्या.”

तिनं साचा मिटला. आवाज झाला नाही. तो काखेत घेऊन ती उतारावरून एलिओच्या बाजूनं चालू लागली, आणि माणसांनी पुन्हा टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

दोनातानं पर्समधून रुमाल काढला. अर्धा नेओला अजून गरम होता. तिनं तो रुमालात गुंडाळला, हळूहळू, चारी टोकं नीट दुमडून, पोरीला देईपर्यंत मोडू नये म्हणून.